मोशीचा बेपत्ता सामुराई

२०२३ साली मोशीपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात एकच गुप्तहेर होती आणि ती मी होते. पोलीस होते, नाही असं नाही, पण पोलिसांना तपास शिकवावा लागतो. मला तो उपजत येतो. भोसरीत विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत मी तपासणी विभागात जन्म काढला. समोरून सरकणाऱ्या शेकडो मीटरांत एखाद्याचाच काटा वाकडा असला तरी तो मला न बघता कळायचा. एकदा सगळेच काटे वाकडे गेले, पण तेव्हा मी खरोखरच बघत नव्हते.

माझी पद्धत साधी आहे. माणसं नवे गुन्हे करत नाहीत, जुनेच पुन्हा करतात. आणि मला जुनं सगळं आठवतं. कोणाच्या बारशाला कोण रुसलं, कंपनीच्या कँटीनमधली मोठी पळी कोणी नेली, गावच्या जत्रेत कुणाच्या चपला कुणाच्या पायात गेल्या, सगळं. त्यामुळे आज काही हरवलं की मी फक्त तसंच मागे कधी हरवलं होतं ते आठवते. तेव्हाचा चोर सापडला की आजचा सापडलाच. या पद्धतीनं मी आमच्या सोसायटीतली बरीच प्रकरणं हाताळली आहेत. त्यातली सुटली किती, असं विचारणारी माणसं मला कोत्या मनाची वाटतात.

माझे सहाय्यक म्हणजे माझे यजमान, सोपानराव. ते चाकणच्या एका कंपनीतून निवृत्त झाले. त्या कंपनीत एकदा जपानी साहेब येऊन गेले होते. साहेब परत जपानला गेले, पण सोपानरावांच्या अंगातून अजून गेलेले नाहीत. ज्या आठवड्यातली ही गोष्ट आहे त्या आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसत. गुप्तहेराच्या सहाय्यकाला तो शोभून दिसायचा. फक्त त्यातून त्यांना दिसायचं नाही.

आता प्रकरण ज्याचं, तो रविराज. हा आमच्या लेकीचा मुलगा. खेडच्या पार पलीकडे डोंगरात त्यांचं गाव. चाकणला एका कंपनीत लागला आणि कंपनीची बस मोशीच्या चौकात थांबते म्हणून आमच्याकडे राहायला आला. पोरगा कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. वर्षभरात तो जेवढं बोलला तेवढं सोपानराव एका चहात बोलतात. बसमध्ये खिडकीकडे तोंड, लाइनवर मशीनकडे तोंड, घरी ताटाकडे तोंड. त्याची आई फोनवर मला विचारायची, "आई, त्याला तिथं कुणी दोस्त मिळाला का?" मी म्हणायची, "मिळेल." मग एकदा रविराजनंच तिला सांगितलं की आपलं इथं जमत नाही, दिवाळीनंतर नोकरी सोडून गावी येतो. हे वाक्य त्यानं आम्हाला नाही, तिला सांगितलं. आम्हाला तो म्हणाला, "भाजी आहे अजून."

त्याला वाचवायला आला सनी. सनी त्याच्याबरोबर आयटीआयला होता आणि भोसरीत लेझरनं पत्रे कापायच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. तर दर गुरुवारी सनी आणि आणखी दोघं-तिघं ताथवड्याला आम्रपाली नावाच्या मुलीच्या घरी एक खेळ खेळायला जमत. आम्रपाली तिथल्याच कॉलेजात शिकलेली, आता एका सॉफ्टवेअर कंपनीत घरून काम करणारी. सनी एका गुरुवारी रविराजला ओढत घेऊन गेला. रविराज तिथं भिंतीला टेकून बसला आणि परत आला. पण आल्यावर त्यानं स्वतःहून मला खेळ समजावून सांगितला. मी हातातली निवडायची मेथी खाली ठेवली, एवढं मला आश्चर्य वाटलं.

खेळ असा. टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकानं एक पात्र तयार करायचं. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी लढवय्या. आम्रपाली गोष्ट सांगणार: पुढे जंगल आहे, पुलावर राक्षस आहे, काय करता? मग ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं, आणि बेत जमला की फसला ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. नवीन आलेल्यासाठी आम्रपालीचा एक नियम होता. त्यानं आपल्या पात्राची मूर्ती स्वतः बनवून आणायची, टेबलावर ठेवायची आणि त्या पात्राच्या आवाजात सगळ्यांना आपली ओळख करून द्यायची.

"मला सामुराई करायचाय," रविराज म्हणाला.

त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर सामुराई तयार होत होता. त्याची ताकद किती, चलाखी किती, हे फासे टाकून ठरत होतं. माणसांवर छाप पाडायचा गुण आला चार.

"वीसपैकी चार?" सोपानराव म्हणाले. "सुपरवायझर दिसतोय."

"आजोबा, आता त्याचा मालक कोण ते ठरवायचंय. मी म्हणतो, मालकच नको. त्याचा सरदार लढाईत मेला. असा बिनमालकाचा सामुराई मग काम शोधत गावोगाव फिरतो."

"म्हणजे ठेकेदाराकडचा."

"त्याच्याकडे दोन तलवारी असतात, आजोबा."

"असू देत. पीएफ कापतात का?"

त्याला एक शपथ हवी होती. सोपानराव खुर्चीत सरळ झाले. "जपान्यांची शपथ मला विचार. आमचे साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, वस्तू जिथली तिथं ठेवायची. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, आज काय शिकवणार? तर म्हणाले, तुम्ही अजून ठेवत नाही."

रविराजनं लिहून घेतलं: तलवार जागेवर ठेवल्याशिवाय जेवणार नाही. नाव मी सुचवलं. आमच्या सासरचं कुलदैवत खंडोबा, म्हणून खंडोमारू. जपानी वाटतं आणि जेजुरीलाही चालतं.

शेवटी राहिला दोष. प्रत्येक पात्रात एक दोष लागतो म्हणे. मी म्हटलं, चहा फार पितो असं लिही. रविराजनं थोडा वेळ पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "त्याला चारचौघांत बोलता येत नाही. पण शिरस्त्राण घातलं की येतं."

मी आणि सोपानरावांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. त्यांना तसंही दिसत नव्हतं.

मूर्ती सनीनं आपल्या वर्कशॉपमध्ये उरलेल्या पत्र्यातून लेझरवर कापून दिली. माप टाकताना त्यानं घोळ घातला आणि बोटाएवढा व्हायचा खंडोमारू चांगला वीतभर झाला. पाय फाकवून उभा, शिरस्त्राणाला वर दोन वाकडी शिंगं, कमरेच्या दोन्ही बाजूंना तलवारी. रविराज रोज शिफ्टवरून आला की कानशीनं त्याच्या कडा घासत बसे. मग त्यानं लाकडाच्या एका ठोकळ्याला खाच पाडली आणि त्यात तो उभा केला. आणि मी बघितलं, एकटा असताना तो खंडोमारूला पुढे धरून हळूच काहीतरी म्हणत होता. "हा हातात असला की जमतं, आजी," तो म्हणाला. "मी बोलतोय असं वाटत नाही. तो बोलतोय असं वाटतं."

गुरुवारी ताथवड्याला जायचं होतं. बुधवारी दुपारी रविराज पहिल्या शिफ्टवरून आला, टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, खंडोमारू कुठंय?"

टेबलावर नुसता ठोकळा होता.

मी तपास हाती घेतला. सगळ्यात आधी साक्षीदार.

"अहो, टेबलावर उभा होता तो जपानी पाहिलात का?"

"जपानी?" सोपानराव काळ्या चष्म्यातून भिंतीकडे बघत म्हणाले. "नाही बुवा. आज कुणीच आलं नाही."

मग घराची झडती. पलंगाखाली, धान्याच्या डब्यामागे, देव्हाऱ्यात. स्वयंपाकघरात मात्र मला फार शोधावं लागलं नाही, कारण तिथं सोपानरावांचा बोर्ड आहे. कंपनीत हत्यारांचा असतो तसा. पांढऱ्या फळीवर प्रत्येक वस्तूची काळी आकृती रंगवलेली. उलथनं, झारा, किसणी, सांडशी, लाटणं. प्रत्येक आकृतीवर खिळा आणि खिळ्यावर ती वस्तू. आकृती रिकामी दिसली की समजायचं, वस्तू गेली. मी दारातूनच बोर्डावर एक नजर टाकली. माझ्या नजरेबद्दल वर लिहिलं आहेच. एकही आकृती रिकामी नव्हती. यावरून मी निष्कर्ष काढला की स्वयंपाकघरात चोर आलेला नाही, आणि दार ओढून घेतलं.

आता माझी आठवण कामाला लागली. आमच्या कंपनीच्या फाटकावरचं पितळी कुलूप एकदा गेलं होतं, ते कोणाकडे सापडलं? भंगारवाल्याकडे. आणि आज दुपारी गल्लीत भंगारवाल्याची हाक ऐकू आली होती. मी चप्पल पायात सरकवली आणि थेट त्याचं दुकान गाठलं.

"खरं सांग, लोखंडाचा माणूस आणलास का आज?"

"कसला माणूस, मावशी?"

"वीतभर. दोन तलवारी आहेत त्याच्याजवळ."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी विचारलं. मग म्हणाला, "मावशी, तसला माणूस माझ्या हाती आला असता तर मी दुकानावर मांडला असता. भंगारात कशाला टाकू? घरी सोडू का तुम्हाला? एकट्याच आलात?"

मी त्याला संशयितांतून वगळलं. येताना त्याच्याकडची एक धड कढई घेऊन आले, म्हणजे फेरी अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

संध्याकाळी सनी आला. तो आल्याबरोबर मला आमच्या गावचं भजनी मंडळ आठवलं. मंडळाची पेटी गेली तेव्हा ती नेणारा निघाला पेटी दुरुस्त करणारा. ज्यानं वस्तू घडवली त्याचाच तिच्यावर जीव. मी सनीला खुर्चीवर बसवलं आणि दिवा त्याच्या तोंडासमोर ओढला.

"तुझं पात्र कोणतं रे?"

"जादूगार, आजी. दाढीवाला."

"आणि तुला व्हायचं होतं सामुराई."

"नाही बा. सामुराईला पळता येत नाही, त्याची शपथ असते. मी तर पहिला पळतो. भावा, सांग ना आजीला."

रविराज रिकाम्या ठोकळ्याची खाच बोटानं चाचपत होता. सनी म्हणाला, "आजी, मी चोरू कशाला? फाइल माझ्या मोबाइलमध्ये आहे. बटण दाबलं की दुसरा निघतो."

"मग दाब."

"आता वर्कशॉप बंद झालं. उद्या गुरुवार. मशीन शुक्रवारी चालू होणार."

तिसरी संशयित आम्रपाली. तिला मी फोन लावला. ती म्हणाली, "आजी, एवढंच ना? रवीला म्हणावं मूर्ती नको, बाटलीचं झाकण आण, चालेल." इतका समजूतदारपणा मला नेहमीच संशयास्पद वाटतो. पण ती ताथवड्यात आणि मूर्ती मोशीत. मधल्या ट्रॅफिकमधून कोणी चोरीसाठी आलं असेल हे मलाही पटेना. मी रविराजला तिचा निरोप सांगितला.

"झाकणाला शिरस्त्राण नसतं, आजी," तो म्हणाला.

गुप्तहेराला जे दिसतं ते बोलावं लागतं. त्या क्षणी मला त्याची आई आठवली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायचं नाही म्हणून तिनं तिचा झालरीचा फ्रॉक गवताच्या गंजीत लपवला होता आणि आम्ही दिवसभर शोधत होतो. तिचाच मुलगा. सगळे धागे जुळले. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "रविराज, मूर्ती तूच लपवलीस. उद्या बोलावं लागू नये म्हणून."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कितीतरी संशयितांचे चेहरे बघितले आहेत, पण असा नाही बघितला.

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला.

सनी दारात चपला घालता घालता मला म्हणाला, "आजी, तो रोज दोन-दोन तास घासत होता हो त्याला." आणि गाडी काढून गेला.

गुरुवारी सकाळी रविराज उठला, त्यानं आपली पिशवी भरली आणि म्हणाला, "मी गावी जाऊन येतो." जाऊन येतो म्हणाला, पण पिशवीत हिवाळ्यातला स्वेटरही होता. दहावी पास गुप्तहेरालासुद्धा त्याचा अर्थ कळतो. मी त्याला चहा तरी घे म्हटलं. दूध तापायला ठेवलं, ते वर आलं, तर ते मी पदरानंच उतरवलं, इतकं माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. सोपानराव म्हणाले, "अगं, सांडशी समोर आहे." मी म्हटलं, "राहू द्या." माझा सगळा जीव त्या पिशवीत होता.

तेवढ्यात शेजारच्या तानुबाई आल्या. तानुबाई मूळच्या इथल्याच, त्यांची शेतं होती तिथं आता इमारती आहेत. आमच्या घरात त्या हाक न मारता येतात आणि हवं ते घेऊन जातात.

"गवराबाई, ही घ्या तुमची सांडशी. काल दुपारी न्हेली व्हती. तुमी न्हवता, आन ह्ये झोपल्यालं."

"सांडशी?" मी म्हटलं. "आमची सांडशी तर बोर्डावर आहे."

"मंग ही काय माझ्या म्हायेराहून आली व्हय?" तानुबाई सरळ बोर्डापाशी गेल्या आणि थांबल्या. "आत्ता गं बया. सांडशीच्या जागंवर ह्यो कोन मावळा बसवलाय?"

आम्ही सगळे स्वयंपाकघरात धावलो. सांडशीच्या काळ्या आकृतीवर, खिळ्याला घोडा समजून, दोन्ही बाजूंना पाय टाकून, खंडोमारू बसला होता. पाय म्हणजे सांडशीच्या दोन दांड्या आणि शिंगं म्हणजे तिची पकड. आकृतीत तो इतका चपखल बसला होता की तलवारी तेवढ्या बाहेर आल्या होत्या.

सगळ्यांनी सोपानरावांकडे बघितलं. त्यांनी चष्मा नीट केला.

"काल दुपारी मी पाणी प्यायला आलो," ते म्हणाले. "हातानं चाचपलं तर सांडशीची जागा रिकामी. बाहेर येतो तर सांडशी कुणीतरी लाकडात खोचून टेबलावर ठेवलेली. जागा रिकामी, वस्तू बाहेर. मी मेळ घातला. यात चूक काय?"

"अहो, मी तुम्हाला विचारलं होतं."

"तू जपानी विचारलास. सांडशी विचारली असतीस तर सांगितलं असतं."

"त्याला तलवारी आहेत, आजोबा," रविराज म्हणाला.

"जरा टोचली. मला वाटलं, हिनं नवीन घेतली."

मग रविराज हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग तो ओट्याला धरून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तानुबाई म्हणाल्या, "ह्ये पोरगं हसतं व्हय? मला वाटायचं मुकं हाय." त्यानं खंडोमारूला खिळ्यावरून उतरवलं, त्याच्या जागी सांडशी लावली, आणि मला म्हणाला, "आजी, आपला सामुराई रात्रभर खिळ्यावर बसून होता."

"मी तुला काल जे म्हटलं," मी सुरू केलं.

"आईचा फ्रॉक खरंच गंजीत होता का?" त्यानं विचारलं. ते सगळं मला त्याला पुन्हा सांगावं लागलं, आणि सनीची गाडी खाली वाजेपर्यंत तो ऐकत बसला. पिशवीतला स्वेटर मीच काढून कपाटात ठेवला.

पुढचं मला सनीनं सांगितलं. रविराजनं ताथवड्याला टेबलावर मूर्ती ठेवली. मग त्यानं मूर्तीच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि खर्जात म्हणाला, "मी खंडोमारू. माझा मालक मेला. परवा एका म्हाताऱ्या सरदारानं मला कामावर ठेवलं. तो आंधळा होता. त्यानं मला सांडशी समजून भिंतीवर टांगलं. मी काही बोललो नाही, कारण काम मिळालं होतं." आम्रपाली म्हणे हसून खुर्चीवरून घसरली. त्या दिवशी ते संध्याकाळी संपवायचा खेळ दिवे लागल्यावरही खेळत होते.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

खंडोमारू त्याच वर्षी पावसाळ्यानंतर खेळातल्या एका पुलावर मेला. सनीचा जादूगार पळाला, त्याला वाचवताना. फासा टाकला तो एक आला. रविराज दोन दिवस सुतकात होता. मूर्ती आम्रपालीनं आपल्याकडे ठेवली.

सनीनं भोसरीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं आणि तो आता खेळांच्या मूर्तीही कापतो. मापं अजून चुकतात. मागे कुणाचा तरी अजगर दाराएवढा झाला.

आम्रपाली नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिथून मोबाइलवर खेळते. तिच्या सकाळी यांची दुपार असते. लग्न ठरलं तेव्हा तिनं मला आधी सांगितलं, मुलाची चौकशी करा म्हणून. मी केली. निष्कर्ष चुकीचा निघाला, मुलगा चांगला आहे.

तानुबाईंकडे सोसायटीतली हरवलेल्या वस्तूंची प्रकरणं जाऊ लागली. त्यांची पद्धत म्हणजे नुसतं जाऊन बघणं. तिला मी पद्धत म्हणत नाही.

सोपानरावांचा दुसरा डोळाही झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी मला बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "केस कधी पांढरे झाले?" त्यांचा बोर्ड आहे तिथंच आहे.

रविराज गावी गेला नाही. कंपनीनं त्याला प्रशिक्षण विभागात घेतलं. नव्या पोरांना तो मशीन शिकवतो, आणि पहिल्या दिवशी कुणी खिडकीकडे तोंड करून बसलं तर त्यालाच आधी विचारतो. ताथवड्याचा खेळ तो आता आमच्याच टेबलावर मांडतो. गोष्ट तोच सांगतो. डोंगर, राक्षस, बिनमालकाचे सामुराई, सगळ्यांचे आवाज काढतो. गेल्या गुरुवारी मला दुपारची झोप लागेना. मी आतून म्हटलं, "रविराज, जरा गप्प बस की रे."

तो गप्प बसला. घरात एकदम शांतता झाली. मी तशीच उठून बाहेर आले आणि त्याला म्हटलं, बोल, बोल, पुढं काय झालं.